मागच्या पानावर नसलेली

मुलांच्या वॉर्डाच्या दाराशी पत्र्याची एक पाटी होती. दर दिवाळीआधी तिला नवा रंग मिळायचा, मजकूर मात्र तोच. जुलाब थांबेपर्यंत बाळाला तोंडाने अन्न देऊ नये. खाली मोठ्या सरांचं पद लिहिलेलं. मोठे सर म्हणजे मुलांच्या विभागाचे प्रमुख. ठाण्यातलं ते एका ट्रस्टचं हॉस्पिटल होतं, स्वस्त आणि चांगलं म्हणून नावाजलेलं. मी तिथे आधी पेशंटची आई म्हणून गेले आणि नंतर नोकरीला लागले. दोन्ही वेळा ती पाटी माझ्या डोळ्यांसमोर होती, आणि आज इतक्या वर्षांनीही ती आठवली की माझे कान तापतात.

आम्ही डोंबिवलीला एका चाळीत राहायचो. माझं गाव तिकडे लांब, जतच्या दुष्काळी भागात. आठवीत शाळा सुटली आणि लग्न झालं. नवरा एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यात होता. लेक दीड वर्षाची असताना एका पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं आणि चाळीतली निम्मी पोरं जुलाबांनी आडवी झाली. माझी सगळ्यात जास्त. नवऱ्याच्या सोबतच्या माणसानं ठाण्याचं हॉस्पिटल सांगितलं, म्हणून तिथे नेली.

सलाईन लागलं. मीठ-साखरेचं पाणी चमच्याने पाजायचं, बाकी काही नाही. दुसऱ्या दिवशी तिला जरा हुशारी आली आणि ती खायला मागायला लागली. कुणाचाही डबा उघडला की बोट दाखवायची. 'मम्म' एवढा एकच शब्द तिला यायचा. मी डबा पिशवीत तळाशी घातला, वर टॉवेल ठेवला. तरुण डॉक्टर बाई होत्या वॉर्डात, त्यांना मी विचारलं, थोडा मऊ भात देऊ का. त्या म्हणाल्या, सरांची ऑर्डर आहे, नाही. संध्याकाळी पुन्हा विचारलं. पुन्हा नाही.

शेजारच्या खाटेवर खाडीकडच्या गावातली एक कोळीण होती. ती पदराआड पोराला पेज भरवायची. सिस्टर ओरडली की मान डोलवायची, सिस्टर वळली की पुन्हा वाटी बाहेर. मला वाटलं, काय अडाणी बाई आहे. मी आठवीपर्यंत शिकलेले होते ना. मला पाटी वाचता येत होती.

लेक बरी झाली, पण घरी आणली ती काडी होऊन. चालायला लागली होती, ते विसरली. भिंतीला टेकवून बसवली तर बसायची, नाहीतर कलंडायची. पुन्हा पावलं टाकायला तिला कितीतरी महिने लागले. आज ती मोठी आहे, तरी जेवायला बसली की डाव्या हाताचा आडोसा करून ताटाभोवती ठेवते.

पुढे नवऱ्याच्या कारखान्याला टाळं लागलं. मी लेकीला तपासायला घेऊन गेले असताना त्याच डॉक्टर बाईंनी मला ओळखलं. मधल्या काळात त्या परदेशात काही शिकून आल्या होत्या. घरची हकीकत ऐकून त्यांनी शब्द टाकला आणि हॉस्पिटलच्या लायब्ररीत मला लावून घेतलं. लायब्ररी म्हणजे एक लांबट खोली, भिंतीभर मासिकांचे बांधलेले गठ्ठे आणि झेरॉक्सचं एक मशीन. पुसायचं, लावायचं, कोणी मागितलं की काढून द्यायचं. मी त्यांच्या पाया पडले, तिथेच, कॉरिडॉरमध्ये, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर. उपकार हा शब्द त्या दिवसांत माझ्या जिभेवरच असायचा. नोकरी जाईल या भीतीने मी चहाची सुट्टीसुद्धा घ्यायचे नाही.

बाई परदेशातून एक वेगळंच वेड घेऊन आल्या होत्या. तिकडे जुलाब झालेल्या पोरांना उपाशी ठेवत नव्हते. त्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं आणि इकडे परत आल्यावर पाटी तशीच. त्यांनी सरांना सांगितलं. सर हसले. म्हणाले, तुम्ही एकदोन लेख वाचून आलात. तेव्हा बाईंनी ठरवलं की एकदोन नाही, या प्रश्नावर जगात जेवढी कामं झालीत तेवढी सगळी गोळा करायची. बाजूची, विरुद्धची, छोटी, मोठी. प्रत्येक कितपत पक्कं आहे ते तपासायचं आणि मग सगळ्यांचा मिळून निकाल लावायचा. एखादं सोयीचं उचललं आणि गैरसोयीचं सोडलं, असं चालणार नाही.

मी विचारलं, सगळी सापडणार कशी?

बाईंनी मला एका लेखाचं शेवटचं पान दाखवलं. लिहिणाऱ्यानं आधीच्या कुणाकुणाची कामं वाचून लिहिलं, त्यांची नावं तिथे होती. ती कामं काढायची. मग त्यांच्या मागच्या पानावरची नावं बघायची, ती काढायची. असं मागे मागे जायचं. आणि पुढेही जाता येतं, त्या म्हणाल्या. मुंबईत एका मोठ्या लायब्ररीत जाडजूड खंड आहेत. एखाद्या जुन्या लेखाचं नाव त्यात काढलं की त्याखाली दिसतं, नंतरच्या काळात कुणी कुणी त्याचं नाव घेतलं. म्हणजे बापापासून आज्यापर्यंत मागे आणि बापापासून नातवापर्यंत पुढे.

मला एकदम हसू आलं. म्हटलं, हे तर आमच्याकडे हेळवी करतो. बाईंना हेळवी माहीत नव्हता. आमच्या भागात तो सुगीनंतर बैलावर बसून येतो, दारात उभा राहून घराण्याची वंशावळ म्हणतो. अमक्याचा तमका, तमक्याचे तिघे, एक इथे राहिला, दोघे कर्नाटकात गेले. शेवटी यंदा जन्मलेल्या पोराचं नाव वहीत चढवून घेतो आणि धान्य घेऊन पुढच्या दारी. बाईंना हे फार आवडलं. तेव्हापासून मला मुंबईला पाठवायचं असलं की म्हणायच्या, "चला, आज हेळव्याचा फेरा."

एक गोष्ट मी त्यांना तेव्हा सांगितली नाही. आमच्या घराच्या वंशावळीत मी नव्हते. माझ्या बहिणीही नव्हत्या, आईही नाही. लहानपणी मी उंबऱ्यात बसून वाट बघायचे की आता माझं नाव येईल. हेळवी भावाचं नाव गाऊन बैलाला वळवायचा. आजोबांना विचारलं तर म्हणाले, तू दुसऱ्याच्या घरची. त्या दुसऱ्या घरी गेले तर लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं. जुनं नाव त्या तांदळाबरोबर खिरीत गेलं असेल.

इंग्रजी मला वाचता यायचं म्हणजे अक्षरं ओळखता यायची. पण त्या कामाला तेवढं पुरत होतं. बाई नावं लिहून द्यायच्या, मी मुंबईच्या लायब्ररीत बसून त्यांच्याखालच्या ओळी उतरवून आणायचे. मुंगीसारखं बारीक अक्षर. ओळ निसटू नये म्हणून फूटपट्टी लावून बसायचे. तिथल्या माणसानं पहिल्या दिवशी विचारलं, झाडायला आलात का, ती खोली पलीकडे आहे. नंतर त्यानंच एक भिंग आणून दिलं. कुणावर रागावावं हेही धड कळू देत नाहीत लोक.

सगळं जमत आल्यावर बाई पुन्हा सरांकडे गेल्या. मी झेरॉक्सच्या प्रती घेऊन मागे उभी होते. सरांनी प्रती चाळल्या आणि बाजूला ठेवल्या.

"मॅडम, ही गोऱ्यांची पोरं. लोणी खाऊन आजारी पडतात, लोणी खाऊन बरी होतात. आपल्या पोरांवर, आपल्या माणसानं केलेलं एक काम दाखवा. त्याच दिवशी पाटी उतरवतो."

बाई म्हणाल्या, शोधते. सर म्हणाले, शोधा, असेल तर मिळेल. विभागाची बैठक गणपतीनंतर होती. तोपर्यंत मिळालं तर पाटी उतरणार, नाहीतर ती आणखी कितीतरी पावसाळे तिथेच.

वॉर्ड तेव्हा भरलेला होता. लायब्ररीत जाताना मला दारावरून जावं लागायचं. आतून रडणं ऐकू यायचं. दुखणाऱ्या पोराचं रडणं वेगळं असतं, भुकेल्याचं वेगळं. आईला कळतं. सरांना इतक्या वर्षांत कळलं नसेल, यावर माझा विश्वास नाही.

आम्ही मागे जात राहिलो. आपल्याकडच्या डॉक्टरांचे लेख थोडे होते, पण कुठलाही घेतला तरी मागच्या पानावरून वाट एकाच लेखाशी जायची आणि तिथे संपायची. तो लेख मोठ्या सरांचा. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की आपल्याकडे या विषयावर कुणी काम केलेलं नाही. नंतरच्या सगळ्यांनी ते वाक्य उचललं. स्वतः कुणी शोधलं नाही. सरांनी लिहिलंय म्हणजे नसेलच.

बाई दमल्या होत्या. म्हणाल्या, एकदा पुढून बघू. सरांनी आपल्या लेखात ज्या जुन्या परदेशी कामांची नावं घेतली होती, ती खंडांत काढायची आणि त्यांचं नाव आणखी कुणी घेतलं ते बघायचं. मी गेले. भिंग धरून उतरवत होते. पुष्कळ परकी नावं झाल्यावर एक नाव आलं आणि माझं बोट थांबलं. आमच्या चाळीच्या मालकाचं आडनाव. मालक तिथले मूळचे आगरी, पूर्वी शेतं आणि मिठागरं होती, आता चाळी. ते आडनाव डोंबिवलीपासून ठाण्यापर्यंत दुकानांच्या पाट्यांवर दिसतं. दुसरीकडे कुठे नाही.

ते मासिक अगदी लहान, कधीच बंद पडलेलं. बाईंनी कुठून कुठून विचारून त्याची प्रत मिळवली. जेमतेम पानभर मजकूर. जुलाब झालेल्या काही मुलांना मऊ भात आणि पेज दिली, काहींना नाही दिली, दोघांकडे काय झालं ते. जेवलेली पोरं लवकर सावरली असं म्हणणं. लिहिणारी एक डॉक्टर, बाई माणूस. खाली काम करण्याचं ठिकाण.

ठिकाण म्हणजे आमचंच हॉस्पिटल. तोच वॉर्ड.

बाईंनी उठून सरांचा लेख काढला आणि दोन्ही मागची पानं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. मला म्हणाल्या, वाच. मी एकेक नाव दोन्हीकडे बोट लावून वाचलं. तीच नावं, त्याच क्रमानं. सरांनी तिच्या मागच्या पानावरून उचलली होती. तिचं स्वतःचं नाव तेवढं नव्हतं.

तिचं काम सरांच्या आधीचं. माझ्या लेकीच्या तर कितीतरी आधीचं. म्हणजे मी डब्यावर टॉवेल घालून बसले होते तेव्हा, त्याच भिंतींच्या आत, हे सगळं होऊन गेलेलं होतं. कुणीतरी पोरांना जेवू घालून बघितलं होतं, लिहून ठेवलं होतं, छापलं होतं. आणि दाराशी पाटी होती. मी खुर्चीवर बसले. बाईंसमोर मी कधी बसत नसे.

तो कागद एकटा पुरेसा नव्हता. कुठल्या पोराला जेवण द्यायचं आणि कुठल्याला नाही, हे कसं ठरवलं, ते त्यात नव्हतं. त्याशिवाय ते काम कितपत पक्कं हे सांगता येत नाही, असं बाईंचं म्हणणं. म्हणून त्या डॉक्टरणीला गाठायला हवं होतं. त्या नावाचं पुढे काहीच सापडत नव्हतं. ना दुसरा लेख, ना डॉक्टरांच्या यादीत पत्ता. बाई म्हणाल्या, वारली असेल किंवा परदेशी गेली असेल.

मी म्हटलं, "लग्न झालं असेल, बाई."

बाईंचं लग्न झालेलं नव्हतं. त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं की बाई जिवंत असून नाव मरू शकतं.

मी चाळीच्या मालकांना विचारलं. ते ओट्यावर बसलेले असायचे. म्हणाले, "आमच्यान डॉक्टर जालेली ती एकच पोरी. माजिवड्याची. भावाकडं जा, तो सांगंल." मग हळूच विचारलं, "तुला काय झालंय? पोटात दुखतंय का?" मी नाही म्हटल्यावर त्यांचा विश्वास बसला नाही.

माजिवड्याला बाई आणि मी रिक्षाने गेलो. जुनं कौलारू घर, त्याला खेटून बिल्डिंगचे खांब उभे राहत होते. भावानं नाव ऐकलं मात्र, त्याचा चेहरा बदलला. पाणी घेऊन आलेली वहिनी तांब्या हातात धरून तिथेच थांबली.

"सही झालेली हाय तिची," तो म्हणाला. "हक्क सोडलाय तिनं. कागद हायेत."

आम्हाला कळेना. मग कळलं की त्याला आम्ही वकिलाकडून आलोय असं वाटलं. जमीन बिल्डरला चालली होती आणि बहिणीच्या सहीची त्याला धास्ती होती. बाईंनी लेख काढून दाखवला. त्यानं तो उलटसुलट बघितला, जमिनीचा नाही याची खात्री केली, आणि मग खुशीत हसत पत्ता सांगितला. शहाड, स्टेशनजवळ दवाखाना. नाव बदललेलं होतं, पहिलंही आणि आडनावही. वहिनी तेवढ्यात म्हणाली, "लई हुशार होती. लायटीचे खांबाखाली वाचाची." नवऱ्यानं तिच्याकडे बघितलं आणि ती तांब्या घेऊन आत गेली.

रिक्षात बसल्यावर मी पुटपुटत होते. बाईंनी विचारलं काय झालं. म्हटलं, काही नाही. काय सांगणार होते? बापाच्या जमिनीतून सही करून गेली, सरांच्या कागदावरून सहीशिवाय गेली, हेळव्याच्या वहीत तर चढलीच नव्हती. अशीच सगळी घरं आहेत. आपण आपले दारात बसून वाट बघायची.

शहाडचा दवाखाना एका किराणा दुकानाच्या शेजारी होता. बाकावर सात-आठ पेशंट. डॉक्टरीण पन्नाशीच्या पुढची, काळीसावळी, केसांचा आवळून बुचडा. एका पोराच्या आईला म्हणत होती, दे गं भात, चांगला गिळगिळीत करून दे, कोण नको म्हणतंय? मी ते ऐकलं आणि मला एकदम रडू आलं. मी तोंड फिरवून बाहेरच्या बटाट्यांच्या पोत्यांकडे बघत राहिले.

पेशंट संपल्यावर बाईंनी लेख पुढे ठेवला. डॉक्टरणीनं चष्मा लावला. स्वतःचं जुनं नाव तिनं बोटानं पुसल्यासारखं केलं.

बाईंनी विचारलं, सरांना हे माहीत होतं का. ती म्हणाली, छापून आल्यावर पहिली प्रत त्यांनाच दिली होती.

"मग काय म्हणाले?"

"म्हणाले, छान. आता लग्नाचं बघा."

ती हे अगदी सहज बोलली, आणि स्वतःच हसली. म्हणाली, बघितलंही. सासर कल्याणचं, दवाखाना काढून दिला, काही वाईट झालं नाही. जुने कागद मात्र काहीच ठेवले नाहीत. वॉर्डातलं काय जपून ठेवायचं असतं?

मग बाईंनी तो प्रश्न विचारला. जेवण कुणाला द्यायचं, कुणाला नाही, हे कसं ठरवलं? चिठ्ठी टाकून? एकाआड एक?

डॉक्टरीण म्हणाली, "छे गं. तेव्हा मला कोण विचारत होतं? ऑर्डर तर उपाशी ठेवायची होती. ज्या आया ऐकायच्या नाहीत, चोरून भरवायच्या, त्यांना मी बोलले नाही. उलट सांगितलं, भरवा, मी बघते. आणि ज्या ऐकायच्या त्यांची पोरं उपाशी राहिली. मी दोघींचंही लिहून काढलं."

बाईंचा चेहरा पडला. त्यांनी मला नंतर समजावलं, पण मला तेव्हाच अंदाज आला होता. भांडणाऱ्या आयांची पोरं मुळातच बरी असू शकतात. अंगात जोर असलेलं पोर खायला मागतं, आई भरवते, ते बरं होतं. मग ते जेवणामुळे की मुळातल्या जोरामुळे? ठरवता येत नाही. चिठ्ठी टाकली असती तर ठरवता आलं असतं. म्हणून हे काम कच्च्यात धरायचं.

मी तिथून उठले. नमस्कारही केला की नाही आठवत नाही. शहाडच्या स्टेशनबाहेर बाईंनी मला गाठलं. म्हणाल्या, अगं, चांगलं झालं, निदान काम सापडलं, आता जसं आहे तसं लिहायचं, कच्चं म्हणून लिहायचं.

"कच्चं लिहिलं की सर पाटी ठेवणार," मी म्हटलं.

"ठेवतील कदाचित. पण मी लपवलं तर त्यांच्यात आणि माझ्यात फरक काय?"

बरोबरच होतं. आजही मला ते बरोबर वाटतं. पण त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर आवाज चढवला. म्हटलं, तुमचं पक्कं-कच्चं तुमच्यापाशी. मी ऐकणारी आई होते, बाई. मी तुम्हाला दोनदा विचारलं होतं. तुम्ही दोनदा नाही म्हणालात. शेजारची कोळीण ऐकली नाही, तिचं पोर पायांनी चालत गेलं. माझी पोर मी उचलून नेली.

आजूबाजूची माणसं थांबून बघायला लागली. बाईंना ते आठवत होतं, हे मला त्यांच्या तोंडाकडे बघूनच कळलं. माझ्या मनात एकीकडे भीती होती की आता नोकरी गेली, आणि एकीकडे वाटत होतं, जाऊ दे. मग त्या म्हणाल्या, चल, चहा घेऊ. आम्ही चहा घेतला. पैसे त्यांनीच दिले, आणि मला त्याचाही राग आला.

गणपती झाले, बैठक झाली. प्रती वाटायच्या म्हणून मी आत होते. ट्रस्टचे वैद्यकीय संचालकही आले होते. बाईंनी सगळं मांडलं. परदेशातली पक्की कामं, आणि शेवटी आपलं एक, कच्चं. का कच्चं, तेही सांगितलं. सरांनी तेवढंच उचललं.

"तुम्हीच लिहिलंय, कच्चं आहे म्हणून. मग विषय संपला."

बाई म्हणाल्या, "सर, तुम्ही आपल्या पोरांवर, आपल्या माणसानं केलेलं एक काम मागितलं होतं. ते याच वॉर्डातलं निघालं. पहिली प्रत तुम्हाला दिली होती. तुमच्या लेखात लिहिलंय, असं काम झालेलंच नाही."

सर म्हणाले, कोण त्या, आठवत नाहीत. त्यांना ती खरंच आठवत नसेल, हे माझ्या मनात आलं, आणि खोटं बोलण्यापेक्षा ते जास्त वाईट वाटलं.

संचालक मध्ये पडले. कुणालाच दुखवायचं नाही असा माणूस. त्यांनी ठरवलं की पाटी राहू दे, विभागप्रमुखांचा मान आहे. पण ज्या डॉक्टरांच्या नावे पोर दाखल होईल, त्यांनी आपल्या जबाबदारीवर ठरवावं. दाखल करून घेण्याचे वार डॉक्टरांत वाटलेले होते. म्हणजे बाईंच्या दिवशी आलेलं पोर जेवणार, सरांच्या दिवशी आलेलं उपाशी. जुलाब काय वार बघून होतात? असा निकाल लावला त्या शिकलेल्या माणसांनी, बिस्किटं खात.

बाईंचा लेख पुढे छापून आला. मागच्या पानावर शहाडच्या डॉक्टरणीचं नाव आहे, जसं मूळ लेखात होतं तसं. आणि शेवटी आभार मानलेत तिथे तिचं आताचं नाव, म्हणजे कुणी शोधत आलं तर दोन्हीकडून सापडेल. खाली माझंही नाव आहे. बाईंनी विचारलं होतं, कुठलं घालू? मी माहेरचं सांगितलं. बाई इतकं करतात आणि तरी माझा राग जात नाही, याची मला लाज वाटते. पण राग जात नाही.

त्या बैठकीनंतरच्या आठवड्यात मी वॉर्डावरून जात होते. सरांचा दिवस होता. दारात एक पोरगेलीशी आई उभी होती, कडेवर पोर, डोळे खोल गेलेले, पण हात पिशवीकडे. माझ्या अंगावर हॉस्पिटलची साडी बघून तिनं विचारलं, "ताई, पेज आणलीय घरनं. देऊ का?" आणि पाटीकडे बघितलं. तिला वाचता येत होतं.

सिस्टर आत टेबलाशी लिहीत होती. मी डॉक्टर नाही. लायब्ररी पुसणारी. माझी नोकरी कुणाच्याही एका शब्दावर जाणारी, आणि घरी दुसरा पगार नव्हता.

मी तिला म्हटलं, त्या कोपऱ्यात बस आणि घोट घोट दे. मग मी पाटी आणि तिच्यामध्ये येऊन, वॉर्डाकडे तोंड करून उभी राहिले, साडीचा पदर जरा पसरून, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखी. मागून चमचा वाटीला लागल्याचा आवाज येत होता. सिस्टरनं मान वर करून विचारलं, काय हवंय गं लायब्ररी? मी म्हटलं, काही नाही, उभी आहे.